अठराव्या तळघरातला लढवय्या

मी तोंडाने फटकळ, हे आधीच सांगते. चाळीस वर्षं टायपिस्ट होते. बोटं आणि जीभ दोन्ही माझ्या पुढे धावतात.

निवृत्तीनंतर ह्यांना एकच नाद, कॉम्प्युटरवरचा तो तळघरांचा खेळ. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आपला लढवय्या म्हणजे एक @. जीव एकच. मेला की सेव्ह पुसलं जातं, पुन्हा पहिल्या तळघरापासून सुरुवात. दूर राहणाऱ्या लेकाने त्यासाठी जिन्याखाली सर्व्हर बसवून दिला होता. दाबलेली कळ न् कळ त्यात रेकॉर्ड व्हायची, आणि लेक तिकडे बसून बापाचे डाव बघायचा.

मग ह्यांचा उजवा हात लुळा पडला. बोलणंही जड झालं. लढवय्या अठराव्या तळघरात सेव्ह होऊन राहिला, अन् हे चार महिने कीबोर्डला शिवले नाहीत. डाव्या हाताने चुकलो तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात, ही भीती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला बघवेना. हा माणूस असाच विझणार की काय, असं वाटायचं.

एका रविवारी सकाळी मी म्हटलं, "उठा. तुम्ही सांगा, मी दाबते."

तासभर छान चाललं. "खाली," हे म्हणाले. मी दाबलं. "खाली." दाबलं. असं चारदा झालं. पाचव्यांदा ह्यांचे ओठ हलायची वाट कोण बघतो? संसारभर ह्यांची वाक्यं मीच पुरी करत आले. पाचवं मी माझ्या मनाने दाबलं, आणि लढवय्या सरळ लाव्ह्यात गेला.

लेकाला फोन लावून स्पीकरवर सांगताना रडू आवरेना.

"आई, सर्व्हरवर कालची प्रत आहे," तो म्हणाला. "दोन मिनिटांत परत जिवंत करतो त्याला."

मी आशेने ह्यांच्याकडे बघितलं. हे नकारार्थी मान हलवत होते.

"मेला... तो मेला." मग चक्क हसले, अर्ध्या तोंडाने. "जपून जपून... कंटाळलो होतो."

लेकाने तिथूनच खेळाच्या कळा बदलून सगळ्या दिशा डाव्या हाताखाली आणल्या. हे नव्या लढवय्याचं नाव टाइप करायला बसले. एकेक अक्षर शोधत होते. माझं बोट दोनदा पुढे गेलं, दोन्हीदा ह्यांनी ते बाजूला केलं.

"तू दाबू नकोस. नुसती... शेजारी बस."

बसले, तोंड मिटून. जन्मात एवढा वेळ गप्प बसले नव्हते.

थोड्या वेळाने लेकाचा फोन आला. तिकडून डाव बघत होता. "आई, हा डाव बाबा स्वतः खेळतायत ना? नुसत्या नावाला तीन मिनिटं लागली आहेत."

"हो. पहिल्याच तळघरात उंदराने मारलं त्यांना," मी म्हटलं. "दुसरा लावतायत."