पासष्ट नापास

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या बेळगावच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं प्रियदर्शनीला फोनवर झापलं तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

वेबसाइट नीट चालतात की नाही, हे तपासणारं एक टूल आम्ही बनवतो. त्याचा सर्व्हर माझ्या हातचा. तो ठिकठिकाणच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडतो, त्यांच्याकडून साइट चालवून घेतो आणि पास की नापास ते लिहितो. खानापूरजवळच्या आपल्या गावात बसून प्रियदर्शनी असा एक लॅपटॉप सांभाळायची. तीन महिन्यांच्या बोलीवर होती. एका आठवड्यात तिच्या नावावर पासष्ट नापास लागले.

"लक्ष कुठं असतंय गं तुझं?" मी ओरडले.

"लाईट गेलती, आक्का," ती एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. थोरल्या माणसाला उलट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी मात्र तिचं गप्प बसणं म्हणजे कबुलीच धरली. ऑफिस चालवणाऱ्या समर्थ सरांनी तिला काढायचं ठरवलं आणि रविवारी लॅपटॉप परत आणायला मलाच पाठवलं.

गेले तर लॅपटॉप चालूच होता. "शेवटची टेस्ट चाललीया, तेवढी हू दे," प्रियदर्शनी म्हणाली. तिच्या आई जयाबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, नेट तेवढं तुटलं. दोनेक मिनिटांत लाईट आली, नेट आलं आणि ब्राउझरनं राहिलेलं काम मुकाट्यानं पुरं केलं. मी मोबाईलवर सर्व्हर उघडून पाहिला. नापास!

तिथंच चटईवर बसून मी सर्व्हरच्या नोंदी वाचल्या. नेट तुटलं की माझा सर्व्हर ब्राउझर मेला असं धरत होता, आणि तोच ब्राउझर परत आला की त्याला ओळखच देत नव्हता. सर्व्हर तपासायला मी दोनशेवर टेस्ट लिहिल्या होत्या, पण सगळ्या इन्व्हर्टरवाल्या ऑफिसात बसून. नेट तुटून परत येणाऱ्या ब्राउझरची एकही नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी.

तिथूनच सरांना फोन लावला आणि चूक माझ्या सर्व्हरची आहे, दुरुस्तीला वेळ लागेल, असं सांगितलं.

"टूल उद्या गिऱ्हाइकाला द्यायचंय, उपासना. लांबलं तर कुणाचं नाव सांगू?"

"माझंच सांगा. पण हिला काढू नका."

सर म्हणाले, "लॅपटॉप राहू दे तिथंच."

मला वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही. पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "आक्का, त्या दिवशी फोन स्पीकरवर हुता. आईनं समदं ऐकलं."

मी उठून जयाबाईंसमोर जाऊन बसले. "मावशी, पोरीची काय बी चूक न्हवती. माझी हुती. तिला उगंच बोलून बसले."

जयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मला काय सांगतीस? हिच्या बाला सांग. त्या दिवसापास्नं त्यो हिच्यासंगं बोलंना झालाय. खाली रानात हाय बघ."

मी चपला घातल्या आणि रानाची वाट धरली.