पियानोतला उंदीर

मी पियानोतला नमदा बोलतोय. बोलतोय म्हणायचं एवढंच, कारण माझा धंदाच दुसऱ्याला बोलू न देण्याचा. लोकर दाबून केलेली मी एक लांब पट्टी. मधलं पेडल दाबून अडकवलं की मी हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये उतरतो आणि सूर गिळतो. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून कारखान्यात मला बसवलं.

पियानो बाईंचा, माहेरून आलेला. त्या वाजवायच्या तेव्हा मी वर नुसता लटकलेला असायचो. पुढे त्यांची बोटं आखडली, झाकण बंद झालं आणि त्यावर औषधं, फोटो आणि बिनचष्म्याचं एक चष्म्याचं घर येऊन बसलं.

मग साहेब निवृत्त झाले. साहेब म्हणजे बाईंचे यजमान. कचेरीत त्यांना कोणी साहेब म्हणालं नाही, ती हौस मी भागवतो. बाईंच्या साठाव्या वाढदिवसाला ते नेहमीचं, साधं वाढदिवसाचं गाणं आपण वाजवायचं, असं त्यांनी मनात धरलं. कुठलं बोट कुठे ठेवायचं ते मुलीने फोनवरून शिकवलं. चुकलेलं बायकोच्या कानी जाऊ नये म्हणून साहेबांनी मला खाली उतरवलं.

तिसऱ्या ओळीत सूर एकदम उंच उडी मारतो. तिथे साहेब रोज तोंडघशी पडत.

"अहो, पियानोत कसली खुडखुड चाललीय?" स्वयंपाकघरातून बाई विचारत.

"उंदीर असेल."

"रोज जेवणानंतरच येतो? शिस्तीचा दिसतोय."

एका दुपारी ती उडी जमली. गाणं अथपासून इतिपर्यंत न चुकता वाजलं. ऐकलं फक्त मी.

वाढदिवसाला मुलगी-जावई आले. साहेबांनी पेडल सोडलं, मी वर गेलो. पहिलाच सूर घसा बसल्यासारखा निघाला. इतक्या वर्षांत तारा सुरातून उतरल्या होत्या आणि माझ्या आडून ते साहेबांना कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आपलंच बोट चुकलं. पुन्हा सुरुवात केली, तिसऱ्या ओळीपाशी थांबले. जावयाने घाईघाईने टाळ्या वाजवल्या. माणसाला गप्प बसवायला टाळ्यांसारखा उपाय नाही, माझ्याहून बरा.

"बोटं बरोबर पडत होती तुमची," बाई म्हणाल्या. "तारा उतरल्यात. जुळवणाऱ्याला बोलावू."

"राहू दे गं. माझी समजूत काढू नकोस."

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला पुन्हा खाली सोडलं आणि झाकण लावलं. तेव्हापासून मी असाच उतरलेला आहे. आता अंगाला कसर लागलीय, लोकर भुसभुशीत झालीय.

परवा बाई झाकणावरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, "तो उंदीर बरा होता हो. दुपारी घरात कुणीतरी आहेसं वाटायचं."

साहेबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "गेला तो."

गेला नाही, बाई. त्याचं अख्खं गाणं माझ्या पोटात आहे, पण गिळलेलं परत देणं मला येत नाही. वाचकहो, तुमच्या घरी कुणी असं लपून खुडखुडत असेल, तर आधी मला वर उचला. चुकतोय तोवरच ऐकून घ्या.