दुसऱ्या खांबावरची काच

पुलाच्या दुसऱ्या खांबाला भेग पडली तेव्हा बांधकाम खात्याचे मनोजसाहेब गुडघाभर पाण्यातून खांबापाशी गेले आणि भेगेवर काचेची आडवी पट्टी प्लास्टरने चिकटवून आले.

"भेग वाढली तर काच तडकेल. तडकली की फोन करा," ते म्हणाले.

सरिताला हे फार पटलं. ती मुरबाडच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं उपकरण तिथेही नव्हतं. शिवाय तिची मुलगी मनस्वी आणखी अकरा पोरांसोबत अनिलच्या टेम्पोतून रोज याच पुलावरून शेणव्याच्या शाळेत जायची.

काच एकोणिसाव्या दिवशी तडकली. सरिताने फोन केला. नवी काच आली. ती चौदाव्या दिवशी गेली, तिसरी नवव्या. सरिताने तारखा वहीत मांडल्या. आलेख काढायची गरजच नव्हती. खात्याने त्याच तारखांवरून वेगळा निष्कर्ष काढला: गावात कोणीतरी सरकारी काचा फोडतंय. खांबाभोवती जाळी आली आणि 'काच फोडणे गुन्हा आहे' असा फलक लागला.

"पोराला ताप आला नि यांनी थर्मामीटरला दुपटं गुंडाळलं," सरिताची सासू रंभा म्हणाली.

सरिताने मनोजसाहेबांना गाठलं. "साहेब, दुरुस्ती कधी?"

"ताई, दुरुस्तीला पैसा नाय. पाहणीला आहे, तो दरवर्षी येतो."

"मग नवा पूल?"

"त्यासाठी हा धोकादायक ठरायला लागतो. धोकादायक ठरला की त्याच दिवशी बंद. बंद पुलावर रहदारी किती? शून्य. शून्य रहदारीला नवा पूल कोण देईल?"

उत्तरात सरिताला कुठेच चूक सापडेना, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

चौथ्या खेपेला साहेबांनी जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणली. "ही नाय फुटणार," ते अभिमानाने म्हणाले.

फेब्रुवारीत भेगेत सरिताची करंगळी शिरू लागली. पट्टी नुसती वाकली. अहवाल आला: पट्टी अभंग, पूल सुस्थितीत.

दुसऱ्या दिवशी तिने पुलाच्या तोंडाशी टेम्पो अडवला. "अनिलभाऊ, पोरांना उतरव."

"वहिनी, टाइम होतोय. पूल चांगला हाय असा अहवाल आला ना?"

"म्हणूनच उतरव."

बारा पोरं एकामागून एक चालत पलीकडे गेली; मागून रिकामा टेम्पो. आठवड्याभरात मोटारसायकलवाले मागच्याला उतरवू लागले. एका वऱ्हाडाने तर नवरीलाही चालवलं.

खात्याच्या नोंदीत आलं की पुलावर पादचाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. पादचाऱ्यांच्या सोयीसाठी वेगळा निधी होता. दोन्ही कडांना सिमेंटच्या फरश्या मंजूर झाल्या.

सरिताने पुलाची लांबी, फरशीची रुंदी आणि जाडी गुणली आणि फोन लावला. "साहेब, त्या खांबांवर तुम्ही अकरा टन चढवताय."

"ताई, निधी मार्चअखेर संपवायलाच लागतो."

अठ्ठावीस मार्चला सकाळी फरश्यांचा ट्रक आला आणि पुलाच्या तोंडाशी थांबला. समोर शाळेची पोरं टेम्पोतून उतरून चालत पलीकडे निघाली होती.

"ही पोरं का उतरली?" ड्रायव्हरने विचारलं.

"तू पण उतर रे बाबा, नि खाली जाऊन बघ," पोरांना सोडायला आलेली रंभा म्हणाली.

तो खाली गेला. जाळीतून खांबाकडे, मग आपल्या ट्रकाकडे पाहून वर आला. "माल पुलापर्यंत पोचवायचा, असं सांगितलंय. पोचला." त्याने सगळ्या फरश्या रस्त्यातच उतरवल्या, पावतीवर रंभाचा अंगठा घेतला आणि निघून गेला.

मोटारसायकलही जाईना, इतका ढीग झाला. कागदोपत्री काम सुरू आहे म्हणून तो हलवता येत नाही, आणि ढीग आहे म्हणून काम सुरू होत नाही. अनिलने टेम्पो लांबच्या रस्त्याने फिरवून पलीकडे नेऊन ठेवला. पोरं ढिगाच्या कडेने चालत जातात.

सरिताने प्रयोगशाळेतून टाकून दिलेली एक काचपट्टी आणली आणि जाळीतून हात घालून भेगेवर चिकटवली. रोज संध्याकाळी ती खाली उतरून बघते. आज एकेचाळिसावा दिवस. काच शाबूत आहे. ही बातमी तिने अजून खात्याला कळवलेली नाही.