माझ्या वाटची ओ

मी चर्चमधल्या ऑर्गनची एक पांढरी पट्टी बोलतेय. बोलतेय म्हणजे आपलं म्हणायचं. गेल्या अकरा वर्षांत माझ्या तोंडून सूर फुटलेला नाही. मधले दोन दिवस तेवढे फुटला, आणि त्या दोन दिवसांनी जो घोळ घातला त्यापेक्षा ती अकरा वर्षं बरी होती.

पट्टी म्हणजे शाळेत हातावर बसायची ती नव्हे, आणि जखमेवर बांधायची तीही नव्हे. मधल्या सा पासून मोजत या. सहावी पांढरी. ध. डाव्या कोपऱ्याचा टवका उडालाय, त्यावरून ओळखाल.

आम्ही एकसष्ट जणी एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात जन्मलो. अंग लाकडाचं, वरून पांढरा किंवा काळा मुलामा, आणि आत पेटीत प्रत्येकीच्या नावाची पितळेची एक पातळ जीभ. वाद्य बनवणारे तिला रीड म्हणतात. मी जीभच म्हणेन, कारण गेली ती माझी गेली. वाजवणाऱ्याने पायांनी भाता मारायचा, वारा आत खेळायला लागतो, पट्टी दाबली की तिची जीभ थरथरते आणि सूर निघतो. एवढंच शास्त्र. माणसांनी त्याभोवती काय काय रचून ठेवलंय ते पुढे येईलच.

सुरुवातीची माणसं फारशी सांगण्यासारखी नाहीत. एक बाई होत्या, त्या भाता असा मारायच्या जणू सायकलवरून कुठे पोचायचंय. मग एक गृहस्थ आले, त्यांना दोनच गाणी येत होती आणि ती त्यांनी नऊ वर्षं पुरवली. त्यानंतर मास्तर आले आणि चौतीस वर्षं राहिले.

मास्तर टायपिंगच्या क्लासचे. दिवसभर दुसऱ्यांच्या मनगटांवर लक्ष ठेवायचे आणि संध्याकाळी इथे येऊन गायकांच्या मानांवर. गाणी स्वतः रचायचे. क्लासमधल्या सरावाचे कागद एका बाजूने भरलेले असायचे, एकाच शब्दाच्या चाळीस चाळीस ओळी; त्यांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने मास्तरांची गाणी. कागद उजेडासमोर धरला की देवाच्या स्तुतीतून 'खटपट खटपट खटपट' असं आरपार दिसायचं.

आता सगळे म्हणतात, मास्तर किती शांत होते. कोण शांत? कोणी सूर सोडला की मास्तर वाजवणं थांबवायचे, चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे आणि विचारायचे, "हं, आता सांगा, हे कुणाचं काम?" तेवढ्यात अख्ख्या रांगेला घाम फुटायचा. पण आम्हा पट्ट्यांवर त्यांनी कधी हात आपटला नाही. राग आला तर पाय जोरात पडायचे, बोटं नाहीत.

माझी जीभ गेली ती एका लग्नात. नवरी यायची होती. दारात उभा असलेला तिचा मामा रुमाल हलवायचा, म्हणजे आली. मास्तर स्वागताची सुरावट सुरू करायचे आणि माझ्यावर येऊन थांबायचे, कारण नवरीने पाऊल आत टाकल्यावरच पुढची ओळ घ्यायची असं ठरलेलं. मामा मागे वळून बघायचा आणि मान हलवायचा, म्हणजे नाही आली. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा मास्तरांनी मला इतका वेळ दाबून धरलं की आत 'टिंग' असा बारीक आवाज झाला आणि मी गप्प झाले. नवरी पाच मिनिटांनी आली. उशीर का, तर एक सँडल सापडत नव्हती. लोक कशाकशापायी जीव देतात, माझी जीभ एका सँडलपायी गेली.

तेव्हापासून मला दाबलं की नुसता वारा. फुस्स.

मास्तरांनी चर्चच्या कमिटीला अर्ज दिला, टाइप केलेला, समास सोडून. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. दर वर्षी एक अर्ज आणि दर वर्षी पुढची बैठक. एकदा सेक्रेटरींनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मास्तर, बाकीच्या साठ चालतात ना?" मी तिथेच होते. मला तोंड असतं तर.

मग मास्तरांनी एक गोष्ट केली. माझी समजूत काढायला की कमिटीची खोड मोडायला, देव जाणे. त्यांनी एक नवं गाणं रचलं:

तू हळूच मार हाक मला,
मी जवळच कुठे असेन;
काम हातचे टाकून, देवा,
ओ... म्हणेन, ओ म्हणेन.

त्यातली पहिली, लांबलेली 'ओ' त्यांनी नेमकी माझ्यावर ठेवली. अख्ख्या वाद्यात एकच मुकी पट्टी, आणि हाकेला ओ द्यायचं काम तिच्याकडे! सरावाला लोक गोंधळले. सगळा ऑर्गन वाजतोय आणि ऐन 'ओ'ला पायाखालची फळी काढून घेतल्यासारखं. मास्तर म्हणाले, "तिला बोलता येत नाही. तिच्या वाटची तुम्ही द्या."

आणि लोक द्यायला लागले. सुरुवातीला दबकत, मग सवयीने, मग हक्काने. पुढची सगळी वर्षं प्रत्येक रविवारी दोनशे माणसं माझ्या वतीने ओ द्यायची. सगळी सुरात नव्हती, खोटं कशाला बोलू. मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांच्या घरच्या, दर वेळी अर्धा श्वास आधी सुरू करायच्या. त्यावरून घरी काय बोलणी होत असतील ती होवोत, मास्तरांनी चर्चमध्ये त्यांच्यासाठी चष्मा काढला नाही.

मला मात्र त्या गाण्यात एकदा स्वतः बोलायचं होतं. एकदाच. मास्तरांनी माझ्यासाठी लिहिलेला सूर मास्तरांनाच ऐकवायचा होता. एवढीच इच्छा, फार नव्हती.

मास्तर मला दाबायचे मात्र नेहमी, सगळ्या गाण्यांत. कधी वगळलं नाही. हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. कळलं फक्त मास्तरांच्या सुनेला. ती लग्न होऊन घरात आली त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. फार बोलत नसे. हो, नाही, चालेल. बहुतेक एवढ्यावर भागवायची. नातेवाइकांनी तिला आधी लाजाळू ठरवलं, मग शिष्ट ठरवलं. तिला थोडं वाजवता येतं हे मास्तरांना कळलं आणि ते रोज संध्याकाळी तिला इथे आणायला लागले. पहिल्याच दिवशी तिने मला दाबलं, वारा ऐकला आणि मास्तरांकडे बघितलं.

"मुकी आहे," मास्तर म्हणाले. "पण दाबायची. वगळायची नाही."

"आवाजच येत नाही तर कशाला, बाबा?"

"अगं, घरातलं एखादं माणूस बोलत नाही म्हणून त्याला जेवायला हाक मारायची नाही का?"

त्यानंतर तिनेही मला कधी वगळलं नाही. मास्तरांनी तिला वाद्याची मागची फळी उघडून दाखवली, धुळीचा कण अडकला तर आकड्याने जीभ ओढून कशी काढायची आणि पुन्हा कशी सरकवायची तेही शिकवलं. दीड महिना हे चाललं. मग मास्तर चार दिवस आजारी पडले आणि गेले.

आणि मग कमिटीला जाग आली.

महिन्याने, रविवारी, आठवणींची प्रार्थना ठरली. गुरुवारी दोन कारागीर आले. अकरा वर्षांचं काम त्यांनी अर्ध्या तासात केलं, त्यात चहाही घेतला. माझ्या पोटात नवी जीभ बसली. खाली एक छोटी पितळी पाटीसुद्धा ठोकली: 'मास्तरांच्या स्मरणार्थ हा स्वर दुरुस्त करण्यात आला.' सेक्रेटरी वाकून वाकून ती पाटी बघत होते. अहो, मास्तरांना स्मरणार्थ नको होता, शुक्रवारी सरावाला हवा होता!

वर एक पत्रक छापलं. त्यात सेक्रेटरींनी लिहिलं होतं की मास्तरांच्या गाण्यातला तो मौनाचा क्षण म्हणजे मृत्यूपूर्वीच्या शांततेचं प्रतीक आहे. शांतता कसली? जीभ तुटली होती! अकरा अर्ज तुमच्याच कपाटात आहेत.

शुक्रवारी सराव झाला. ऑर्गनवर सून. मास्तरीणबाई पहिल्या बाकावर. मास्तर गेल्यापासून त्या गायल्या नव्हत्या, त्या दिवशीही ओठ मिटूनच बसल्या होत्या. गाणं चौथ्या ओळीवर आलं. सुनेने मला दाबलं आणि मी बोलले. अकरा वर्षांनी, कोऱ्या करकरीत आवाजात, ओ!

आणि माणसं गप्प झाली.

सगळीच्या सगळी. कुणी ठरवलं नव्हतं. सूर आपोआप आला, मग आपण कशाला, असं झालं असेल. मी एकटीच ओरडत राहिले, भर बाजारात हरवलेल्या पोरासारखी. मास्तर ऐकायला नव्हते, आणि जे होते त्यांनी तोंडं मिटली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे.

"ही कोण मध्येच बोलली?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

सेक्रेटरी पुढे झाले. "वहिनी, दुरुस्त करून घेतलाय स्वर. आता लोकांना त्रास नको. ऑर्गनच देईल ओ."

"त्रास कुणाला होता?"

सेक्रेटरी म्हणाले, पाटी लागलीय, पत्रकात आलंय, रविवारी तसं जाहीरही करायचंय. मास्तरीणबाई उठल्या आणि पर्स उचलून चालत्या झाल्या.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. सासू-सून आल्या. सुनेच्या हातात मास्तरांचा आकडा होता. तिने मागची फळी उतरवली.

"तुला येतं हे?"

"बाबांनी दाखवलं होतं."

"मला कधी नाही दाखवलं."

"तुम्ही म्हणाला होतात, धुळीने शिंका येतात."

"मी म्हटलं असेन. त्यांनी लगेच ऐकायचं कशाला?" असं म्हणून मास्तरीणबाईंना खरोखरच शिंक आली.

सुनेने आकडा घालून माझी जीभ अलगद ओढून काढली. दोन दिवसांची जीभ! मला विचारलं कोणी? मी नको म्हटलं असतं का हो म्हटलं असतं, ते माझं मलाही ठाऊक नाही. पण विचारायची पद्धत असते. मास्तरीणबाईंनी ती जीभ रुमालाने पुसली, मास्तरांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली. "सोमवारी परत बसवू," म्हणाल्या. "उद्याचा दिवस जाऊ दे."

रविवार उजाडला. चर्च भरलं, मागे माणसं उभी होती. सेक्रेटरींनी जाहीर केलं की आजपासून आपला ऑर्गन पूर्ण झाला आहे, आणि मास्तरांच्या गाण्यातला तो स्वर आज वाद्यातूनच ऐकू येईल. सून मान खाली घालून बसली होती. तिचे पाय भात्यावर थरथरत होते. ते फक्त आम्हाला कळत होतं, कारण वारा अडखळत येत होता.

पहिली ओळ. दुसरी. तिसरी. मग तिने मला दाबलं.

फुस्स.

कुणीच ओ दिली नाही. देतील कशाला? ऑर्गन देणार असं आत्ताच सांगितलं होतं. दोनशे माणसं माझ्याकडे बघत थांबली. मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. हाक मारून झालेली, दार उघडं आणि घरात कोणी नाही, तसं झालं. सुनेने बोट उचललं नाही. भाता मारत राहिली. वारा माझ्यातून नुसता जात राहिला. मला वाटलं, संपलं. मास्तरांचं गाणं आज इथे, माझ्यापाशी येऊन मेलं.

आणि तिने ओ दिली.

सुनेने. जिला तिच्या घराबाहेर कुणी चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, तिने. आवाज बारीक होता, जरासा उतरलेलाही होता. मास्तरांनी चष्म्याला हात घातला असता. पण दिली, आणि सोडली नाही. अर्ध्या श्वासाने तिच्यात मास्तरीणबाईंचा आवाज मिसळला. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरीणबाई मागून आल्या. मग सगळे आले. दोनशे माणसांची ओ माझ्या अंगावरून गेली, आणि त्या वेळी माझ्यात नुसता वारा होता म्हणून बरं झालं.

हे झालं तीन आठवड्यांपूर्वी. यानंतर तीन सोमवार येऊन गेले. जीभ चष्म्याच्या डबीतच आहे. माझ्याखाली पाटी आहे, 'दुरुस्त करण्यात आला', आणि वर मी, ठार मुकी. बघणारे पाटी वाचतात, मला दाबतात, पुन्हा पाटी वाचतात. सेक्रेटरींनी आता नवं पत्रक काढलंय. त्यात म्हटलंय की मास्तरांच्या वियोगाने त्या दिवशी प्रत्यक्ष वाद्याचा कंठ दाटून आला. अहो, कंठ कसला दाटतोय? पर्समध्ये बघा!

म्हणून ही विनंती. मास्तरीणबाई कुठे भेटल्या तर एवढं सांगा, की या गाण्यापुरती मी गप्प बसायला तयार आहे. त्या दिवशी जीभ काढा, दुसऱ्या दिवशी लावा. बाकीच्या गाण्यांत मलाही काही म्हणायचंय.

पण घाई नाही, हेही सांगा. सून रोज संध्याकाळी एकटी सरावाला येते. चौथ्या ओळीवर मला दाबते, मी फुस्स करते, आणि ऐकायला कोणी नसलं तरी ती माझ्या वाटची ओ देते. परवा तर अगदी सुरात लागली.

डबी तेवढी हरवू नका म्हणावं.