गुरुवारच्या आतलं गणित

“अहो सुशीलाबाई, तुमच्या शुभंकरचं गणित पुन्हा कोसळलं म्हणे, आणि आता तो...” जिन्यात शेजारच्या मंदाकिनीबाईंचा आवाज. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पुढचं राहिलं.

ते गणित करणारा संगणक मीच. १९९९ साली शुभंकरनं सुटे भाग आणून मला बिबवेवाडीच्या या फ्लॅटमध्ये जुळवलं. पुलाच्या खांबाला वळसा घालून पाणी कसं वाहतं, ते मी आकड्यांत काढायचं. त्यावर त्याची पीएच.डी. होती.

पाण्याचे बारीक चौकोन पाडायचे आणि क्षणाक्षणाला प्रत्येकाचा वेग काढायचा. त्याचं सूत्र फार बारकाईचं, म्हणूनच नाजूक. कणभर चूक शिरली की पावलागणिक वाढायची, चौथ्या दिवशी पडद्यावर नुसता कचरा. शिवाय दर गुरुवारी सकाळी वीज जायची. सगळं त्याच्या आत उरकायचं.

एकदा गणित कोसळू नये म्हणून त्यानं पाण्याला खोटा चिकटपणा दिला. गणित बुधवारीच संपलं. त्याचे सर घरी आले, बघून म्हणाले, “वा! काकवी छान वाहतेय. भोवरे कुठे गेले?”

शुभंकर हसला नाही. पुढं दोन वर्षं तो सूत्र असं बांधत बसला, की बाहेरून येईल त्याहून जास्त जोर आकड्यांत आपोआप तयारच होऊ नये.

२००४ साली खराडीच्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. सोमवारी हजर व्हायचं होतं.

“गुरुवारपर्यंत पुरं झालं तर पीएच.डी.,” तो आईला म्हणाला. “नाहीतर खराडी.”

या वेळी गणित कोसळलं नाही. पण संपलंही नाही. गुरुवारी दहाला वीज गेली.

“वाढ,” तो म्हणाला. जेवायला बसला.

या खेपेला पहिल्यांदाच त्यानं मधले आकडे साठवायची सोय केली होती; संध्याकाळी त्यांच्यावरून मला पुन्हा सुरू केलं. सवयीनं असेल. सोमवारी खराडीला गेला. मंगळवारी दुपारी गणित संपलं. तो आला तेव्हा पडद्यावर भोवरे होते, खांबामागे एक डावा, एक उजवा, ओळीनं.

“झालं का रे?” सुशीलाबाईंनी विचारलं.

“झालं.”

“बूट काढ आधी.”

तो बूट काढायला गेला. परत माझ्याकडे आला, तो बटण बंद करायला.

आता मी टॉवेलखाली असतो. गणित कोसळलं म्हणून पोरगा नोकरीला लागला, असं मंदाकिनीबाई सांगतात. नोकरीचं खरं आहे. गणित मात्र उभं राहिलं होतं. मला भंगारात द्याल तेव्हा द्या; माझ्या डिस्कवरचे तेवढे भोवरे आधी उतरवून घ्या.