पंखा निववणारा हात

सरांनी हात वर केला तसे नेटवर्किंगच्या वर्गातले वीसही जण डोळे मिटून बसले. पुढच्या कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. पडद्यावर सरावासाठीचे चार नकली राउटर, म्हणजे कॉम्प्युटरांची जाळी एकमेकींना जोडणाऱ्या पेट्या. आत सॉफ्टवेअर मात्र खऱ्याखुऱ्या जुन्या राउटरचं. चौघांनी मिळून मशीनला घाम फोडला होता.

"हे सॉफ्टवेअर जुनं आहे, जागृत आहे," सर म्हणाले. "त्याला ओळखीचा हात लागतो!"

जागृत म्हणे! पण दोन मिनिटांत पंखा निवला आणि वर्ग थक्क झाला. एकाने तर सरांचा तळवा निरखून पाहिला.

लॅब असिस्टंट मान खाली घालून वायरी गुंडाळत राहिली. ही युक्ती तीन वर्षांपूर्वी तिनेच सरांना दाखवली होती. सरांनी त्या युक्तीचा तमाशा केला आणि "डोळे मिटा" असं ओरडायचं काम तिच्याकडे आलं. सुरुवातीला तिला गंमत वाटायची. आता लाज वाटायची, पण नोकरीसाठी ती गप्प होती.

तेवढ्यात टायपिस्टताई तिच्याजवळ आल्या. टायपिंगची नोकरी गेल्यावर पन्नाशीत नवं काम शिकायला आलेल्या बाई. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं.

"हे जमा करून घे गं. घरी सराव करताना महिनाभर मशीन तापून बंद पडतंय. माझ्या हातालाच यश नाही. परवा परीक्षेला मी बसत नाही."

असिस्टंटने वायरी खाली ठेवल्या. "ताई, इथे बसा. माउस तुम्हीच धरा. आणि सगळे इकडे या, नीट बघा!"

"तू गप्प बस!" सर कडाडले.

"इतके दिवस गप्पच होते, सर."

तिने दुसऱ्या मशीनवर तेच राउटर सुरू केले. पंखा घरघरू लागला. तिच्या सांगण्यावरून ताईंनी एका राउटरवर माउसचं उजवं बटण दाबलं, यादीतलं 'आयडल-पीसी' निवडलं. काही आकडे आले. त्यातला चांदणीची खूण असलेला, म्हणजे मशीनने सुचवलेला आकडा ताईंनी घेतला; सॉफ्टवेअर एकच असल्याने तो चारही राउटरना लागू झाला. पंखा निवला.

"जुना राउटर रिकामा असला तरी 'काम आहे का?' विचारत गोल गोल फिरतो," असिस्टंट म्हणाली. "मशीनला वाटतं तो कामात आहे, म्हणून ते सगळी ताकद त्याला देतं. हा आकडा त्या फिरण्याच्या जागेचा पत्ता. तिथे आला की त्याला डुलकी घेऊ द्यायची. तुमचे डोळे मिटलेले असताना सर हाच आकडा गुपचूप टाइप करतात."

"पण श्रद्धा..." सर पुटपुटले.

"पंख्याला ती कळत नाही, सर."

वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. "तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"माझ्याआधी याच वर्गातल्या दोघी बहिणी आपल्या हाताला यश नाही म्हणून रडत सोडून गेल्या. त्यांना कोण सांगणार?"

असिस्टंटने रजिस्टरमधून नंबर काढून सगळ्यांसमोर फोन लावला. थोरली बहीण सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आता कशाला सांगताय? मी ते शिकणं कधीच सोडलं."

"चूक तुमच्या हाताची नव्हती, माझी होती," एवढंच असिस्टंट म्हणाली.

वाचकहो, कुठलंही यंत्र कुणाचा हात ओळखत नाही. कुणी तसं म्हणालं तर रीत विचारा. आणि रीत तुम्हाला माहीत असेल, तर आजच सांगून टाका.