भिंतीकडचा हात

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे आणि घड्याळाचाही नव्हे. रक्त काढण्याआधी दंडाला आवळून बांधतात ना, तो. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात. मला तेवढी सवड नाही. मी पडलो आहे त्या कचऱ्याच्या पिशवीचे तोंड आता कोणीतरी येऊन बांधील, आणि त्याआधी मला माझा राग बाहेर काढायचा आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळाशार होतो. ताणले की ताणला जाई, सोडले की चटकन मूळ जागी येई. माझ्या एका टोकाला पांढरे बक्कल होते. ते दाबले की मी कट्कन सुटत असे.

इस्पितळात मी पहिल्यांदा प्रयोगशाळेतल्या ताईंच्या हाती पडलो. ताई वयाने मोठ्या, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. "तुम्हीच ना अमुक अमुक?" असे त्या रोग्याला कधी विचारत नसत. घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो, हे त्यांना ठाऊक होते. "तुमचं पूर्ण नाव तुमच्याच तोंडून ऐकू दे," असे त्या म्हणत. हात धुऊन, हातमोजे चढवून मगच त्या शीर चाचपत. कोपराच्या चार बोटे वर मला बांधत आणि मिनिटाच्या आत सोडत, कारण फार वेळ आवळले तर रक्त तुंबते आणि तपासणी चुकते. लावलेले स्पिरिट वाळेपर्यंत त्या थांबत, त्यावर फुंकर घालत नसत. वापरलेल्या सुईला परत टोपण घालणाऱ्याला तर त्या असा दम भरत, की तो पुढे टोपणाकडे बघायलाही घाबरे. सुई काढली की थेट जाड डब्यात, आणि नळीवर नाव लिहायचे ते रोग्याच्या उशाशी उभे राहूनच. संध्याकाळी त्या मला धुऊन वाळत घालत.

निवृत्त होताना ताईंनी नव्या पट्ट्यांचे पाकीट मागवून कपाटात ठेवले. "आता प्रत्येक रोग्याला वेगळा पट्टा. याची सेवा संपली, याला टाका," असे त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितले.

मित्रांनो, मला वाईट वाटले नाही. पण मला टाकलेच नाही! ताईंच्या जागी आलेल्या माणसाने मला खिशात घातले आणि नवे पाकीट तसेच बंद राहिले.

या माणसाला सगळे फटाफट म्हणत. त्याला ते आवडेही. अख्खा वॉर्ड तो चहा निवायच्या आत उरकत असे. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली, तेव्हा मी खिशात होतो. माझ्या सोबतीला किल्ल्या, मळका रुमाल आणि खोकल्याची अर्धी चोखलेली गोळी होती. या दंडावरून त्या दंडावर, त्या दंडावरून परत खिशात, हेच माझे आयुष्य झाले. माझ्यावर रक्ताचे थेंब पडले, वाळले, काळे झाले. एकाच्या अंगावरची घाण मी दुसऱ्याच्या अंगावर नेत होतो. मला ना तळपाय ना मस्तक, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जात असे.

मग शिवणकाम करणाऱ्या मावशींचा दिवस आला. त्या उलट्यांनी गळून गेलेल्या होत्या. उजव्या मनगटाजवळ सलाईन लावले होते आणि बाटलीत साखरेचे पाणी होते. त्यांचा पलंग भिंतीला टेकलेला आणि डावा हात भिंतीकडे. तो हात हवा तर पलंग जरासा सरकवायला हवा होता. बस, एवढेच काम होते.

फटाफटने नाव विचारले नाही. सलाईनच्याच हाताला त्याने मला बांधले.

"अहो, या हातात सलाईन आहे ना?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, रक्त सगळीकडे सारखंच असतं. हलू नका."

सारखे नसते! मी ओरडत होतो, पण पट्ट्याचे ओरडणे कोण ऐकतो? जे पाणी खालून शिरेत जात होते, तेच रक्तात मिसळून वर कोपरातून नळीत आले. फटाफटने कोपरावर कापसाचा बोळा चिकटवला आणि पुढच्या पलंगाकडे वळला.

दुपारी तो त्याच वॉर्डात दुसऱ्या कुणाचे रक्त घ्यायला आला, आणि माझे एक टोक खिशाबाहेर लोंबत होते, म्हणून पुढचे मला दिसले आणि ऐकू आले. रिपोर्टात मावशींची साखर आभाळाला भिडली होती. डॉक्टरांनी कागद पाहिला, मावशींना पाहिले नाही. सलाईन थांबले आणि साखर उतरवायचे इंजेक्शन दिले गेले. थोड्याच वेळात मावशींना दरदरून घाम फुटला. हात कापू लागले. जीभ जड झाली.

"सिस्टर, धावा हो! आई मला ओळखत नाही!" उशाशी बसलेली लेक किंचाळली. "तिला साखरेचा आजार नाही, कधीच नव्हता!"

सिस्टरने धावत येऊन बोट टोचले. साखर तळाला गेली होती. सिस्टरने ग्लुकोज चढवले. मी खिशात जीव मुठीत धरून होतो. पुष्कळ वेळाने मावशींनी लेकीचे नाव घेतले, आणि लेक पलंगाच्या दांडीवर डोके टेकून रडू लागली.

"मशीन बिघडलं असेल," फटाफट म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी! पण सिस्टरची नजर मावशींच्या कोपरावर गेली होती. बोळा अजून तिथेच होता, सलाईनच्या हातावर.

"हा बोळा पण मशीननंच चिकटवला का?"

फटाफटने खिशात हात घालून मला घट्ट पकडले. एवढे होऊनही डॉक्टर काय म्हणाले, माहीत आहे? "वाचल्या ना? मग झालं. परत रक्त घ्या."

फटाफटने सवयीने मला बाहेर काढले. मावशींनी हात पुढे केला, पण तो माझ्यासाठी. शिवणकाम करणारी बोटे ती. त्यांनी मला दोन टोकांना धरून ताणले. मी परत जागेवर आलो नाही.

"याचा ताण गेलाय. आणि घाण किती ही!" मावशींचा आवाज अजून थरथरत होता. "असलं इलॅस्टिक मी पोरांच्या चड्डीलाही लावत नाही, आणि तुम्ही माणसांच्या हाताला बांधता?"

त्यांनी मला या पिशवीत टाकले.

आता मी आतून ऐकतो आहे. कपाट उघडले. पाकीट टरकन फाटले. फरशीवर पलंगाचे पाय खरखरले. "मावशी," फटाफट म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला होता, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. माझ्यासारख्याला वेळेवर फेका. आणि कधी तुमचे रक्त घ्यायची वेळ आली आणि घाईतला कोणी नाव न विचारता तुमचा हात ओढू लागला, तर मोठ्याने जाब विचारा. उद्धट म्हणाले तर म्हणू देत. मावशींनी सकाळी विचारले होते, तेही बरोबरच विचारले होते. पलंग तेव्हाच सरकवला असता तर काय बिघडले असते?